तुझ्या नावाची खुर्ची

खुर्ची तुझी आणि तिच्यावर जाऊन बसायचं मी. हा कुठला न्याय? गुडघे माझे दुखतात, विमानात पाय माझे सुजतात, थंडी मला सोसत नाही. तू मात्र सगळ्यातून सुटून बसलीस, तेही मुलगी मार्गाला लागायच्या आत. तुझ्यावर रागवायचं इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. ते आज करून घेते, मग बाकीचं लिहिते.

अक्का, तुझी मुलगी निवडून आली. कॅनडात, तिच्या प्रांताच्या विधानसभेवर. आपल्याकडे आमदार म्हणतात, तेच. माझा मुलगा म्हणाला, "आई, आमदारच, पण मागे माणसं धावत नाहीत आणि चौकात फोटो लागत नाहीत." म्हटलं, मग कसली मेली आमदार! काल दुपारी जेवण आटपून मी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात तिचा फोन. तिकडे तेव्हा पहाट असते. पण झोपणं तिला तू शिकवलंच नाहीस. म्हणाली, "काकू, शपथेच्या दिवशी घरच्यांसाठी दोन खुर्च्या असतात. एकीवर अप्पा बसतील. दुसरी अम्माची. तू येऊन बस." मी म्हटलं, मी काय तुझी आई आहे? तर म्हणते, "छे, अम्मा अशी ओरडायची नाही." खोटारडी. तू माझ्याहून जास्त ओरडायचीस. तमिळमध्ये ओरडायचीस म्हणून ते ऐकणाऱ्याला भजन वाटायचं, एवढंच. मी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि कालपासून तुझ्याशीच भांडते आहे. तुझ्या जागेवर बसायचं तर तुला विचारायला नको? म्हणून हे लिहायला घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर कसं आहे ते तू पाहिलेलं आहेस. नात मघाशी येऊन विचारून गेली, "आजी, तू हू ला लेटर लिहिते?" म्हटलं, एका बाईला. "त्यांच्याकडे व्हॉट्सअॅप नाही?" नाही म्हटलं, तिथे रेंज येत नाही.

मी आता मस्कतला, अल हैलमध्ये मुलाकडे असते. लिफ्ट आहे, एसी आहे, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. शेजारी कोण राहतं ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. ओमानच्या त्या टोकाला, खाबुऱ्यात, आपली काय ऐट होती सांग. अर्बाबची, म्हणजे अरब मालकाची, तीन मजली इमारत, तळाला त्याची म्हातारी आई, मध्ये आम्ही, वर तुम्ही. आमचे हे शेतांवरचे पंप दुरुस्त करायचे, तुझे साहेब मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कारकून. त्या रस्त्याला बायकामुलं घेऊन राहणारी हिंदुस्थानी घरं दोनच, आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. मी आल्या आल्या दाराला आतून कडी घातली ती जवळजवळ वर्षभर. बाजार हे आणायचे. मी मुलाला सांभाळायचे आणि गावच्या आठवणीने रडायचे, तेही मोठ्याने नाही, वर ऐकू जाईल म्हणून.

पहिल्या नवरात्रात दार वाजतं. उघडते तर तुझी मुलगी. हिरवी पावडै, म्हणजे तुमचा तो परकर, केसांत प्लास्टिकच्या फुलांचा गजरा, हातात चांदीचा कुंकवाचा करंडा. काहीतरी पाठ केलेलं घडाघडा बोलते. मला एक शब्द कळत नाही, पण कुंकू कळतं. मी कुंकू लावून घेते, तिच्या हातातला करंडा घेते, गाल कुरवाळते आणि दार लावून घेते. आमच्यात हळदीकुंकवाला वाण देतात, आणि दिलेली वस्तू नाकारली तर देणारीला राग येतो. मला वाटलं, ही मद्राशी मंडळी वाण घरपोच देतात, तेसुद्धा चांदीचं! केवढी सधन माणसं! मी तो करंडा देवापुढे ठेवून नमस्कारसुद्धा केला. बाहेर पोरगी भोकाड पसरून रडते आहे, आणि मला वाटतं, वरच्यांकडे पोराला कोणी मारलं असेल.

मग तू आलीस. "मॅडम, वो डिब्बा... मेरा अम्मा का." माझं हिंदी तुझ्याहून दिवाळखोर. मी म्हटलं, "हां हां, बहुत अच्छा डिब्बा." तू पुन्हा म्हणालीस, "मेरा अम्मा का!" मी म्हटलं, "अम्मा को नमस्ते बोलना." शेवटी कपाळाला हात लावून तू सरळ आत शिरलीस, देवापुढचा करंडा उचललास, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलंस आणि मला जिना चढवून वर नेलंस. तेव्हा मी तुमचा नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू पहिल्यांदा पाहिला. फळांच्या खोक्यांवर साहेबांचं धोतर पसरून केलेल्या पायऱ्या, वर तुझ्या आईच्या मातीच्या बाहुल्या, आणि बाहुल्या कमी पडल्या म्हणून खालच्या पायरीवर प्लास्टिकचा उंट आणि जेसीबी. खालची म्हातारी तिथे आधीच येऊन बसलेली. कुंकू तिला नको होतं, तिने फूल घेतलं होतं आणि वाटीतले चणे एकेक करून खात होती. मला बघून शेजारची जागा थोपटून म्हणाली, "तआली, तआली." तेवढं अरबी मला त्या दिवशी आलं. माझ्या दाराची कडी त्यानंतर रात्रीपुरतीच लागली.

दर वर्षी बोलावणं करायला करंडा घेऊन मुलीलाच पाठवायचीस. ती मोठी होत गेली तसा तिचा फेरा वाढला. दवाखान्यातली केरळची नर्स, शिंप्याची बायको, मागच्या गल्लीतली कोणाशी पटत नसलेली ती पाकिस्तानी बाई. एकदा मी म्हटलं, तिला कशाला, ती येणार नाही. तर तू माझ्यावर कडाडलीस, "आना नहीं आना उसका काम. बुलाना अपना काम." पोरगी तिथेच उभी होती. आली बरं का ती बाई, येताना शेवयांची खीर घेऊन आली, आणि खीर माझ्यापेक्षा चांगली होती. माझा राग त्यावर होता.

मग यांना एका दुपारी पंपावर काम करताना छातीत दुखलं आणि खलास. सोहारला अग्नी दिला. कंपनीचे कागद व्हायचे होते, ते झाले की व्हिसा संपणार, मग मी आणि मुलगा गावी. मधल्या त्या दिवसांत नवरात्र आलं. वर तू खोकी सरकवतेस ते मला ऐकू येत होतं. या वर्षी आपल्या दाराशी कोणी येणार नाही, हे मी धरूनच चालले होते. कोणाला दोष नाही, रीतच तशी. तुमच्यातही तीच, हे मला माहीत होतं. तर दार वाजलं. पोरगी करंडा घेऊन उभी. "काकू, अम्माने बोलावलंय." मी म्हटलं, बाळा, आईला सांग, मला आता बोलवायचं नसतं. ती वर गेली, परत आली. "अम्मा म्हणते, या दारातून हो आल्याशिवाय करंडा पुढच्या दारी जाणार नाही. काकू, लवकर बोल ना, नर्स आंटीची ड्यूटी आहे." मी पुन्हा नाही म्हटलं. मग तूच आलीस, हातात चण्यांनी भरलेली पळी तशीच. चणे जिन्यावर सांडत होते. म्हणालीस, "गॅस चालू है. जल्दी बोलो, आएगा कि नहीं आएगा?" दुःखाचा एक शब्द नाही, सांत्वन नाही, काही नाही. मी पदराला हात पुसले आणि तुझ्यामागून वर गेले. तू माझ्या कपाळाला कुंकू लावलंस. नर्सने पाहिलं, शिंप्याच्या बायकोने मान वळवली. तू तिला चणे जास्त वाढलेस आणि म्हणालीस, "खाओ, खाओ, गरम है."

आभार मी मानले नाहीत. आपल्यात ते कधी नव्हतंच. आज एवढंच सांगते की त्या दिवशी मी जिना चढले नसते तर गावी जाऊन माजघराच्या कोपऱ्यातच बसले असते. बसले नाही. सासऱ्यांच्या नाकावर टिच्चून बाजारात मासे विकायच्या रांगेत बसले, मुलाला शिकवलं, आणि त्यानेच मला इथे परत आणलं. तोवर तू गेली होतीस. मस्कतच्या इस्पितळात, मुलगी तिकडे कॅनडात शिकत असताना. फोनवर तिने मला पहिलं काय विचारलं माहीत आहे? "काकू, आता मी कुठली?" ओमानचा व्हिसा साहेबांच्या नोकरीबरोबर संपणार, तुमच्या गावी ती कधी राहिली नाही, कॅनडात पाहुणी. मी म्हटलं, आधी जेव, मग ठरवू.

ते तिने माझ्याशिवाय ठरवलं. तिकडची नागरिक झाली, आधी शाळांच्या मंडळाला उभी राहिली, सपाटून पडली. पुन्हा उभी राहिली, जिंकली. आणि आता हे. तिच्या पक्षाची पोरं म्हणे तिला सांगायची, या गल्लीत जाऊ नकोस, इथले लोक आपल्याला मत देत नाहीत, वेळ फुकट जातो. ती जायची. बर्फात, नाक लाल करून, एकेक दार. तमिळ म्हातारे म्हणायचे, तू गल्फमधली, आमच्यातली कुठची. तिने त्यांचंही दार दुसऱ्यांदा वाजवलं. एका गोऱ्याने दारातच सांगितलं, आलीस तिथे परत जा. ही म्हणाली, "गेले असते हो, पण खाबुऱ्यात जायला मलासुद्धा आता व्हिसा लागतो." त्याला कळलं नाही, पण तो हसला, आणि त्याच्या बायकोने तिला आत घेऊन चहा दिला. त्याने मत दिलं की नाही ती सांगू शकत नाही. मी विचारलं, मग इतकी तंगडतोड कशाला? तर म्हणाली, "बुलाना अपना काम." अगदी तुझ्या आवाजात. मी फोन कानापासून लांब धरला.

तर आता मुद्द्याचं. ही सगळी करणी तुझी. मी तिला फार तर भाकऱ्या घातल्या आणि अभ्यास करत नाही म्हणून धपाटे दिले. त्या सभागृहात तुझ्या नावाने ठेवलेल्या खुर्चीवर मी बसले आणि लोक मला तिची आई समजून हात मिळवायला लागले, तर मी काय म्हणू? इंग्लिशमध्ये "नो नो" म्हणता येतं, त्यापुढचं येत नाही. आणि मी गेले नाही तर ती खुर्ची रिकामी राहील. साहेब शेजारी बसून तिच्याकडे बघत राहतील, आणि पोरगी शपथ घेता घेता तिकडेच पाहील. मला माहीत आहे तिचं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा खरं सांगून टाकते. तिला "बघू" म्हटलं, पण आज सकाळीच मुलाबरोबर जाऊन कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आले. मासे साफ करून करून ठसे पुसट झालेत, तिथल्या काउंटरवरच्या मुलीने दोनदा घेतले. म्हणजे परवानगी मागायच्या आधीच मी निघाले आहे. तरी मागते. बसू का?

उत्तर तूच द्यायचं. साहेबांना मध्ये घालायचं नाही, ते कोणालाही हो म्हणतात. आणि मुलीच्या स्वप्नात जाऊन तिच्याकरवी निरोप पाठवशील तर याद राख. मी विचारलंय, मलाच सांग.