कापड शिंप्याकडे आहे

आबा,

माझी नातवंडं काल गेली. सगळा मे महिना माझ्याकडे होती. जायच्या आधी त्यांना कपडे घ्यायचे म्हणून दुकानात नेलं. तयार कपडे, हँगरवर टांगलेले. मुलांनी अंगाला लावून पाहिले, त्यांना आवडले, दुकानातल्या पोरानं पिशवीत भरून दिले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी मधेच थांबले. ऊन फार होतं, असं मी मुलीला सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं होतं की हे फार लवकर झालं. काहीतरी अडायला हवं होतं.

त्या वर्षी, बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि वडिलांनी हिवाळ्यात दुसरं लग्न केलं होतं. तुम्ही त्या लग्नाला गेला नाहीत. माझी परीक्षा संपली तसं वडिलांनी मला आणि धाकट्या भावाला सोलापूरला तुमच्याकडे, आजोळी, आणून सोडलं. मी नऊ वर्षांची, तो चारचा. वडील अकलूजच्या बाजूला साखर कारखान्यात कारकून होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी घेऊन जातो, म्हणाले. तुम्ही 'बघू' म्हणालात. 'बघू' या शब्दाचा आवाज मला अजून आठवतो. वडिलांनी तो ऐकला नसावा, कारण ते चपला घालत होते.

दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी आजी खिडकीवर पोतं ओलं करून टांगते आणि आम्हाला त्याच्या खाली निजवते. पोतं वाळतं, ती परत भिजवते. तुम्ही गिरणीत पहिल्या पाळीला असता. भोंगा झाला की काही वेळानं तुमची सायकल वाजते. भुवयांत कापसाचे तंतू असतात, आणि धाकटा तुमच्या मांडीवर चढून ते एकेक वेचतो. तुम्ही डोळे मिटून बसता. त्या वेळी तुमच्याशी कुणी बोललेलं तुम्हाला चालत नसे. आजी चहा ठेवून निघून जायची.

असंच एकदा तुम्ही डोळे न उघडता म्हणालात की जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत हेडमास्तरांशी बोलून आलोय, पोरीला चौथीत बसवतील. आजी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होती. तिचा हात थांबला.

"कुटल्या हक्कानं ठिवून घेणार?" ती म्हणाली. "पोरगी आपली हुती. पोरं त्यांची हायती."

"सावत्र आईच्या हातात दिऊ व्हय?"

"मी द्या म्हणलं न्हाय. हक्क इचारला."

आजी परत कुटायला लागली. मी पोत्याखाली निजल्याचं सोंग करून होते. धाकटा खरंच निजला होता. त्या दिवसापासून मी घरातल्या मोठ्या माणसांचे आवाज मोजूनमापून ऐकायला लागले. कोण कुठल्या वाक्याला थांबतं ते बघायला लागले. ती सवय अजून गेलेली नाही.

आजोळाहून मूल जुन्या कपड्यांवर परत पाठवत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आजोळाला नातवंडांवर दुसरा कुठला अधिकार नसतो, पण अंगावर नवा कपडा घालून पाठवायचा अधिकार असतो, आणि तो कुणी नाकारत नाही. जावईसुद्धा. तुमच्या हातात तेवढंच होतं, हे तुम्हाला कधी सुचलं ते मला माहीत नाही. एका संध्याकाळी तुम्ही गिरणीच्या दुकानातून कापड आणलंत. माझ्यासाठी पिवळ्यावर बारीक फुलांचं, धाकट्यासाठी निळं. आजीनं ते हातात घेऊन पाहिलं आणि तिचा चेहरा सैल पडला. तिला वाटलं, तुम्ही आम्हाला पाठवायला तयार झालात.

मग तुम्ही आम्हा दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेलात. तो तोंडात टाचण्या धरून बोलायचा. त्यानं माप घ्यायला टेप गळ्यातून काढला. तुम्ही हात आडवा केलात. कापड राहू दे, म्हणालात. गठ्ठ्याची दोरी बी सोडू नको.

"मग आणलं कशाला आबा?" तो हसला. "फळीवर ठिवून पूजा करू?"

"मी सांगितल्याबिगर कात्री लावायची न्हाय. कोण इचारलं तर म्हण, लगीनसराई हाय, हातात काम लई हाय."

त्यानं टाचण्या तोंडातून काढल्या आणि आमच्याकडे पाहिलं. मग कापड फळीवर ठेवलं. परत येताना तुम्ही आम्हाला बर्फाचा गोळा घेऊन दिलात. घरी बोलू नका, असं तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणायची गरज नव्हती, निदान माझ्या बाबतीत. गोळा संपेपर्यंत मला सगळं कळलं होतं. तुम्ही आम्हाला ठेवून घेणार होतात, आणि भांडण न करता.

पुढे आजी रोज विचारायची, झाले का कपडे. तुम्ही रोज लगीनसराई म्हणायचात. मी ताटाकडे बघायचे.

जूनच्या सुरुवातीला वडील आले. पाठीला शर्ट चिकटलेला, हातात मनुकांची पुडी. ओट्यावरच थांबून त्यांनी पाय धुतले. तुम्ही "या पाव्हणं" म्हणालात, स्वतः उठून पाण्याचा तांब्या दिलात. तुमचा आदर इतका काटेकोर होता की मला भीती वाटली. आजीनं आमरस केला. वडील जेवताना मान खाली घालून होते. उद्या सकाळच्या गाडीनं निघावं म्हणतो, असं ते म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांच्या वाटीत स्वतः रस ओतलात आणि मग कपड्यांचं सांगितलंत. शिंप्याकडं पडलेत. पोरांची आई असती तर तिनं जुन्या कपड्यावर निऊ दिली असती का?

आईचं नाव निघालं तशी वडिलांनी मान आणखी खाली घातली. एक दिवस थांबतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही कपडे झाले नाहीत. ते बाजारात जाऊन आले, कारखान्यात फोन लावून रजा वाढवून मागितली असावी, कारण आल्यावर ते खिशातले सुटे पैसे मोजत बसले. खोलीत तुम्ही दोघं समोरासमोर बसायचात आणि पाऊस कधी, उसाला पाणी किती, असं बोलायचात. एकदा तुम्ही मध्येच म्हणालात, "पोरीला इचारा की. तिला बी मन हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजीसुद्धा, दारातून. मी भिंतीला टेकून होते आणि पत्रा तापून कडकड वाजत होता. वडील विचारत नव्हते, नुसते बघत होते. त्यांनी विचारलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "कपडे झाले की जाईन."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. वडीलही हसले. दोघांनाही उत्तर आपल्या बाजूचं वाटलं. फक्त आजी हसली नाही. ती आत गेली.

त्यानंतरच्या दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. तुमची सुट्टी होती. धाकटा वडिलांच्या शेजारी बसून रस बोटानं चाटत होता. आजीनं पुन्हा विचारलं, आज तरी मिळतील का कपडे, आणि तुम्ही काही बोलायच्या आत तो म्हणाला, "शिंपीमामानं दोरी सोडलीच न्हाय. आबा म्हणले कात्री लावू नको."

त्याच्या सांगण्यात कसलाच डाव नव्हता. त्याला गोळा आठवला असणार, आणि त्याच्याबरोबर बाकीचं. तुमचा घास हातात राहिला. आजी पळीनं वडिलांच्या वाटीत रस वाढत होती, ती वाढतच राहिली, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. वडिलांनी हात आडवा केला नाही. ते सगळं जेवले. ताट स्वच्छ केलं, उठून हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि मग तुमच्याकडे न बघता अगदी मऊ आवाजात बोलले.

"मामा, कापड तसंच बांधून द्या. तिच्याकडं मशीन आहे. ती शिवंल."

मी तुम्हाला चिडलेलं अनेकदा पाहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही चिडला नाहीत. तुमच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. आमच्या अंगावरचा आजोळचा कपडा ती, वडिलांची नवी बायको, शिवणार. तुम्ही घेतलेल्या कापडाला ती कात्री लावणार. तुम्ही उठलात, टोपी घातलीत आणि भर दुपारी बाहेर पडलात. आजी म्हणाली, ऊन तरी उतरू द्या. तुम्ही सायकलसुद्धा घेतली नाहीत.

तिसऱ्या प्रहरी आजीनं मला चहाला बोलावून आण म्हणून पाठवलं. तुम्ही शिंप्याच्या बाकावर बसला होतात. दुसऱ्या कुणाच्या लग्नाचा कोट अर्धा शिवून बाजूला टाकलेला होता. यंत्र चालू होतं. पिवळं कापड सुईखालून पुढे सरकत होतं आणि त्याचं दुसरं टोक तुम्ही दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं, गिरणीत धरत असाल तसं. शिंप्यानं मला पाहिलं आणि पाय थांबवला.

"पोरगी आलीच हाय तर माप घिऊ द्या की आबा. अंदाजानं कसं व्हायचं?"

"नको," तुम्ही म्हणालात. "मला म्हाईत हाय."

"आवो, उभी हाय की ती म्होरं."

"मला माझ्या लेकीच्या पोरीचं माप म्हाईत न्हाय व्हय? चालव."

मी तिथंच उभी होते, एका हाताच्या अंतरावर. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पाहिलं असतं तर माप दिसलं असतं. शिंप्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि पाय पुन्हा चालवला. घरी जा, ऊन हाय, एवढंच तुम्ही मला म्हणालात. चहाचा निरोप मी दिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आधीच तुम्ही पाळीला गेला होतात. आजीनं आम्हाला नवे कपडे घातले. धाकट्याची चड्डी गुडघ्याखाली आली. माझा फ्रॉक पोटऱ्यांपर्यंत आला, खांदे दंडावर उतरले. आजीनं तो ओढून वर घेतला, सोडला की तो परत खाली आला. वाढत्या अंगाचा केलाय, ती वडिलांना म्हणाली. वडील म्हणाले, बरं झालं. तिनं मला कुंकू लावलं, हातावर दही दिलं आणि आत निघून गेली. स्टँडवर लोक माझ्याकडे बघत होते. वडिलांनी माझा हात घट्ट धरला होता, इतका की बोटं दुखत होती, आणि गाडी सुटून शहर मागं पडेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही जन्मभर असं धरून चाललात की आम्हाला ओढून नेलं. आजीनं मला नंतर सांगितलं की त्या दिवशी पाळीवरून आल्यावर तुम्ही बराच वेळ डोळे मिटून बसलात, आणि तुमच्या भुवयांना हात लावायला कुणी नव्हतं. हे ऐकून मी रडले. पण मला जायचं होतं, आबा. त्या दुपारी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हाही मला जायचंच होतं. मला वडिलांची सायकल, माझी शाळा, आमच्या दारातली जागा हवी होती. हिवाळ्यापासून घरात नवीन असलेल्या तिच्याशी मी फारसं बोललेही नव्हते, तिचा विचारही केला नव्हता.

ती दारात उभी होती. तुमच्याहून कितीतरी घाबरलेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला मशीनजवळ बोलावलं आणि विचारलं, "फ्रॉक आत घेऊ का थोडा? तुला नको असंल तर ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. तिनं कात्री लावली नाही. आतून दुमडून टाके घातले, पुढे उसवता येतील असे. पुढच्या मेमध्ये मी तोच फ्रॉक घालून तुमच्याकडे आले. तुम्ही मला ओट्यावर उभं करून बघितलंत आणि आजीला हाक मारलीत. बघ, म्हणलं न्हवतं? मला माप म्हाईत हाय. आजीनं बाजूची शिवण चिमटीत धरली, उलटी केली, आत पाहिलं आणि सोडून दिली. बरोबर बसलाय, म्हणाली.

दर उन्हाळ्यात तुम्ही मला बाजूला घेऊन विचारायचात, ती नीट बघती का, जेवायला वेळेवर घालती का. मी म्हणायचे, त्या बघतात. त्या घालतात. तुम्ही मान हलवायचात, आणि 'त्या'मधलं परकेपण ऐकून तुमचा चेहरा जरा निवायचा, म्हणून मी तो शब्द कधी चुकवला नाही. तुम्ही जाईपर्यंत नाही.

पत्ता असता तरी हे पत्र मी टपालाच्या पेटीत टाकलं नसतं. त्याच वर्षी, पहिला पाऊस पडायच्या आधीच मी तिला आई म्हणायला लागले होते.