माईपर्यंत आठ तास

सोम. ८ फेब्रु. १९९९, येरुहाम, इस्रायल

ठाण्याहून भाच्याचा, डॅनियलचा, फोन. माई पुन्हा हॉस्पिटलात. या वेळी हृदय. "मावशी, आई सारखं तुझं नाव घेते. ये." एकच बहीण मला. परवाचं तिकीट मिळालं. माझी लेक रूथ म्हणाली, "इमा, रडतेस काय? नुसते आठ तास!"

मंगळ. ९

नातीच्या पृथ्वीगोलावर दोरा धरून पाहिला, कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या तसा. तेल अवीव ते मुंबई, माझी चार बोटं. रूथ हसली. "विमान असं सरळ जात नाही, इमा. समुद्रावरून वळसा घेतं."

संध्याकाळी मलिदा मांडला. माईच्या मागच्या दुखण्यात एलियाहू हन्नबी प्रेषिताला नवस बोलले होते, ती उठली की घालीन. दोन वर्षं राहूनच गेला. पोहे भिजवले, गूळ, खोबरं, फळं. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, सात आले. बाकीचे फॅक्टरीत शिफ्टवर. आठपर्यंत वाट पाहिली. नाही झाला.

बुध. १०

तिकीट रविवारवर ढकललं. मलिदा घालूनच निघेन, शनिवारी फॅक्टरी बंद असते. मधे विमानच नाही. रूथ भडकली, अर्धं मराठीत, अर्धं हिब्रूत. "नवस परत आल्यावर फेडता येत नाही?" तिला कसं सांगू? तो राहिला म्हणूनच तर माई पुन्हा...

दुपारी माईने स्वतः फोन घेतला. आवाज अगदी विरलेला.
"निघालीस का गं?"
"हो माई, निघाले."

का बोलले असं?

शुक्र. १२

डॅनियल विचारतो, "आई म्हणते, आठ तासांचं विमान, अजून कसं पोचलं नाही? काय सांगू तिला?"
म्हटलं, सांग, वळसा घेतं.

आज काही झालं तर सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आत दफन उरकतील. आपल्यात मयत ठेवत नाहीत. माझ्यासाठी कोण थांबणार?

शनि. १३, शब्बाथ सुटल्यावर

सकाळी फोन वाजला. नाही उचलला. बराच वेळ वाजत होता. आपली माणसं आज, शब्बाथला, फोनला हात लावत नाहीत. पण माईची शेजारीण, जोशीबाई, तिला कुठला शब्बाथ?

मलिदा झाला. अकराजण आले. माझं लक्ष नव्हतं. माईचा वाटा डब्यात काढला. मग ठाण्याला फोन लावला. कुणी उचलत नाही.

रवि. १४, विमानतळ

इथूनही दोनदा लावला. नुसता वाजतो. शेवटी रूथनेच डबा पिशवीत वर ठेवला. "आडवा करू नकोस, इमा."

घड्याळ ठाण्याच्या वेळेवर लावलं. काटे फिरवले, बसल्या जागी साडेतीन तास गेले.

माई, आता खरंच निघाले गं.