उगवायची राहिलेली बी

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन वीस दिवस झाले. तुला बालवर्गावर नोकरी लागली हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. जी ठमी एकदा ठाण मांडून बसली की घंटा झाली तरी हलायची नाही, तिच्यापुढे आता बावीस चिमुरडी उड्या मारणार! वर्ग कसा सांभाळायचा, ऋतूप्रमाणे मुलांकडून काय करून घ्यायचं, सगळं लिहून पाठवा म्हणतेस. लिहिते. उत्तराला उशीर का झाला तेही ओघात येईल.

गोंगाट वाढला की आपला आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. बाई काहीतरी गुपित सांगतायत असं वाटून मुलं कान टवकारतात. खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटं आधी सांग, नाहीतर रडारड ठरलेली. एखादं पोर चावत असेल तर त्याच्याकडे खडूंचा डबा सांभाळायला दे. जबाबदारी अंगावर पडली की दात आवरतात. उन्हाळ्यात प्रत्येकाला ब्रश आणि डबाभर पाणी देऊन अंगणातली भिंत रंगवायला लाव. रंगवलेलं गेलं कुठे यावर तासभर भांडतील. पाऊस थांबला की डबक्याभोवती खडूने रेघ ओढा आणि दुपारी डबकं किती आटलं ते बघा. पानगळीत पानं रंगांप्रमाणे लावा, मोजा, चिकटवा. फक्त पानांचा ढीग होऊ देऊ नकोस. मी तेवीस वर्षं होऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावरसुद्धा समोरच्या बागेत ढीग दिसला की मी रस्ता ओलांडून जाते आणि काठीने तो विस्कटून आत कोणी नाही ना ते बघते. तिथला माळी मला वेडी समजतो. वारा नसताना पानं हलली की मी हातातली पिशवी टाकून धावते.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की बियांचा खेळ नीट आठवत नाही, नियम कळवा. आणि खाली विचारलंस, लहानपणी तू एकदा लपून बसून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतंस असं आई अजून पाहुण्यांना सांगते, तर तुझ्यासारखं द्वाड पोर वर्गात आलं तर काय करायचं? या एका प्रश्नापाशी मी वीस दिवस अडले होते.

तो खेळ माझाच, आणि मला त्याचा भारी तोरा होता. हिवाळा आला की मुलांनी बी व्हायचं. गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, मी वर पानं पसरायची. बी बोलत नाही, हलत नाही, कोणी हाक मारली तरी ओ देत नाही. बाई खांद्याला हात लावतील तेव्हाच उगवायचं. वीस मुलांचा वर्ग असा चिडीचूप व्हायचा की तपासणीला आलेले साहेब बघतच राहायचे. त्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी मी एकेकाला हात लावत चालले होते, तेवढ्यात एकीच्या नाकातून रक्त यायला लागलं. मी तिला उचललं, सगळे उगवले, चला आत, असं म्हणाले आणि धावले. मुलं मागोमाग आली. मग त्यांना दुपारच्या झोपेसाठी निजवलं. कोपऱ्यातल्या तुझ्या चटईवर कोणीतरी कोटांचा गठ्ठा टाकून वर चादर ओढली होती. मला वाटलं ठमी झोपली. वाकून बघितलं नाही, डोकी मोजली नाहीत.

तुझी आई न्यायला आली तेव्हा गठ्ठा उघडा पडला. दीड तास होऊन गेला होता. आम्ही सगळे अंगणभर तुला हाका मारत फिरलो. मीही मारल्या, त्या ढिगापासून दोन हातांवरून. अखेर शिपाईकाकांनी पानं उपसली आणि तुला बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते तुझे. आईने भीतीच्या भरात आधी तुला एक चापट मारली आणि मग विचारलं, "ओ का दिली नाहीस गं?"

तू माझ्याकडे बघत होतीस. मी तुला अजून हात लावला नव्हता.

मला ते तिथल्या तिथे कळलं, ठमे. पण मी हात शालीत घट्ट धरून उभी राहिले, कारण खांद्याला हात लावला असता तर तू बोलली असतीस. कोणीतरी म्हणालं, लपून बसली होती वाटतं. मी मान हलवली. तुला पंधरा दिवस ताप होता आणि मी एकदाही घरी आले नाही. नंतर तुला दुसऱ्या शाळेत घातलं आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते.

तू लपली नव्हतीस. वर्गात सांगितलेलं ऐकणारी तू एकटीच होतीस. द्वाड होते ती मी. आईला वेगळं पत्र आजच टाकलंय, यापुढे तिने पाहुण्यांना खरं काय ते सांगावं. खेळ घ्यायचा तर घे, पण नावाने हाक मारली की उगवायचं, एवढा नियम बदल. आणि मी रविवारी येते आहे. घरात घेतलंस तर आधी काही बोलू नकोस. मला तुझ्या खांद्याला हात लावायचा आहे.

तुझीच,
बाई