आईचं मोजमाप

प्रिय ठमाबाई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, म्हणजे या वयात आणि या झडपेसकट जितकं असता येतं तितकी. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मुलीला पत्र लिहिते म्हणजे आईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तुझ्या मनात येईलच. पण बाई गं, तुझ्याशी समोरासमोर बोलायचं म्हणजे मी एक वाक्य बोलायचं आणि तू चार. कागदाला मधेच तोडता येत नाही. सोमवारी मला दाखल व्हायचंय, त्याआधी माझं एक म्हणणं मला शेवटपर्यंत म्हणायचंय. चहा घे आणि बस.

ती पहिली तपासणी आठवते ना? हृदयाची मुख्य झडप कडक होऊन अरुंद झालीय, ती बदलायला हवी, छाती न उघडता मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी आत सरकवता येईल, एवढं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण त्याआधी हे म्हातारं शरीर कितपत तग धरेल ते मोजायचं होतं. तू ते परीक्षेसारखं घेतलंस. आदल्या संध्याकाळी मला घरातल्या घरात फेऱ्या मारायला लावल्यास, हात न टेकता खुर्चीतून उठण्याचा सराव करून घेतलास, आणि सकाळी वर लिपस्टिकही लावायला लावलीस. लिपस्टिकचे मार्क कोण देणार होतं, देव जाणे.

मग ती फिजिओथेरपीवाली मुलगी आली, घड्याळ आणि मुठीत दाबायचं ते यंत्र घेऊन. प्रश्न ती मला विचारत होती आणि उत्तरं तू देत होतीस. आंघोळ? स्वतःची स्वतः करते. जिना? चढते की! स्वयंपाक? आम्हा सगळ्यांना पुरून उरेल इतका. मला तुझं कौतुक वाटत होतं आणि आतून चरकायलाही होत होतं. माझी सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. बाजारात काट्याला हळूच बोट लावणारे किती पकडले असतील! त्यातले सगळे काही चोर नसायचे. काहींना मनापासून वाटायचं की आपला माल तेवढ्याच वजनाचा आहे. त्या दिवशी तू मला त्यांच्यातलीच दिसलीस, आणि तुला पकडणं माझ्या अगदी जिवावर आलं.

पण पकडलं. मी म्हटलं, ही सांगतेय ती दोन वर्षांपूर्वीची बाई. आताची बाई स्टुलावर बसून, एका हाताने नळ धरून आंघोळ करते. दवाखाना सोडला तर जिना उतरतच नाही, शेजारीण ब्रेड आणून देते. रविवारी लेक येते तेव्हा टापटीप होऊन बसते, म्हणून लेकीला पत्ता नाही. अंग वाळलंय, स्वेटर खांद्यावरून घसरतो. आणि मागे एकदा स्वयंपाकघरात पडले होते, कपाटाला धरून कशीबशी उठले आणि कुणाला बोलले नाही. हे शेवटचं मी तुझ्याकडे न बघता सांगितलं, तरी तुझा चेहरा दिसलाच. दारापाशी सोडताना एवढंच म्हणालीस की परक्या मुलीला सांगितलंस, मला नाही. मग कितीतरी दिवस तुझा फोन नाही. तुला वाटलं, आईने हातची झडप घालवली. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं. फार घाबरले होते गं मी.

नंतर कळलं की ते मोजमाप कुणाला नापास करायला नव्हतंच. डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या क्षीण शरीरात आज झडप घातली तर झडप चालेल आणि बाई अंथरुणाला खिळेल. आधी खाऊनपिऊन, जपून चालवून अंगात जीव आणा, मग बघू. आणि एका सकाळी तू अंड्यांचा ट्रे घेऊन दारात हजर, रागावलेलीच, पण हजर.

काय छळलंस तू मला! खडूच्या चवीचं ते पावडरचं दूध, ती रबरी पट्टी ओढणं, आणि तुझं ते अजून एकदा, अजून एकदा. लहानपणी मी तुझ्याकडून पाढे घोकून घेतले त्याचा तू पुरेपूर सूड उगवलास. पण आपण कोपऱ्यापर्यंत जायला लागलो, मग पोस्टापर्यंत, आणि चालता चालता तू बोलायला लागलीस. जावईबापूंचं घोरणं, ऑफिसातली ती कटकटी साहेबीण, नोकरी सोडावीशी वाटते तरी धीर होत नाही ते. मला दम लागायचा, मधे बोलता यायचं नाही, म्हणून तर तुला सगळं सांगता आलं. कितीतरी वर्षांनी मला माझी मुलगी भेटली. झडप बिघडली हे बरंच झालं असं म्हटलं तर तू मारशील मला. पण मनात येतं.

परवाच्या मोजणीत मी कशी चालले ते तू पाहिलंसच. तू टाळ्या काय वाजवल्यास, लोक वळून बघायला लागले. आता तारीख नक्की म्हणून तू गाडी आणायला पळालीस, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. सरळ बोलणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, मांडीतून झडप बसवण्यापुरती तुमची तयारी झालीय. पण क्वचित कधी झडप जागेवरून सरकते, नाहीतर रक्तवाहिनी फाटते, आणि मग जीव वाचवायला तिथल्या तिथे छाती उघडावी लागते. त्यातून तुम्ही पुन्हा उठून बसाल असं मला वाटत नाही. बहुधा यंत्रावरच राहाल. तशी वेळ आली तर काय करू, ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, उघडू नका. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मुलीला ठाऊक आहे का, म्हणाले. म्हटलं, मी सांगते. खाली येऊन गाडीत बसले तर तू गाणं गुणगुणत होतीस. नाही सांगता आलं मला.

म्हणून हे पत्र. माझं पडणं तुला दुसऱ्याच्या देखत कळलं, हे तसं कळू नये. बहुतेक सगळं नीटच होईल, आणि मग तू माझ्याशी हवं तेवढं भांड. पण डॉक्टर वेळेआधी बाहेर आले तर त्यांच्यावर ओरडू नकोस, काहीही करा पण वाचवा असं म्हणू नकोस. ते सोडून देणार नाहीत मला, माझं ऐकतील फक्त. मला जगायचंय गं ठमे, खूप जगायचंय, तुझ्याबरोबर पोस्टाच्याही पुढे जायचंय. पण तुला ओळखणार नाही, तुझ्याशी बोलणार नाही, अशी पडून नाही राहायचं. हे तुझ्यावर लादतेय, कळतंय मला. म्हणून सोमवारची वाट बघू नकोस, वाचून झालं की ये. रडत ये, भांडत ये, केस न विंचरता ये. दार नुसतं लोटून ठेवलंय.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच हट्टी,
आई