डावीकडून वाचलेलं वचन

बाबा,

तुमच्या नातीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं. ती दुपारच्या एसटीनं आर्वीला आली, हातात एकच बॅग, आणि म्हणाली, "सुट्टी घेतली. राहते थोडे दिवस." मी भाकरी थापत होते, ती खाली बसून कोथिंबीर निवडत होती, मोरीतला नळ सुरू होता. मी म्हणाले, तेवढं मीठ दे. तिनं मान वर केली नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. मला वाटलं, रुसली असेल. मग मी हात धुवायला तिच्या उजव्या बाजूला गेले, तिथून पहिल्यापेक्षा हळू आवाजात तेच म्हणाले, आणि ती लगेच उठली. मी नळ बंद केला. "कवापासून?" एवढंच विचारलं. काय विचारते आहे ते तिला बरोबर कळलं. "दिवाळीच्या आधीपासून." "कशानं?" ती मिठाचा डबा हातात धरून उभी होती. म्हणाली, "हातानं."

तुम्ही तिचं लग्न पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती फ्रॉक घालायची. मुलगा नागपूरचा, चांगल्या नोकरीतला, चर्चच्या मंडळीत गाणी घेणारा. मला पसंत पडला तो एका गोष्टीमुळे. बोलणी करायला आले तेव्हा आमच्या पाळकांनी सहज शास्त्रातल्या एका वचनाचा उल्लेख केला आणि त्यानं पुस्तक न उघडता ते पूर्ण म्हणून दाखवलं, अध्यायासकट. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला यापेक्षा काय हवं होतं? मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा माझं मन ठरलं होतं. तिचे वडील तेव्हा होते. ते रात्री एवढंच म्हणाले, "पाठ असणं वेगळं," आणि कूस बदलली. मी त्यांना विचारलं नाही, कशापेक्षा वेगळं.

वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडदा फाटल्याचं सांगितलं, जुनं आहे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "घरी सुरक्षित आहात का?" ती म्हणाली, "आता आईकडे आहे." परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी मुद्दाम तिच्या उजवीकडे.

जावयाचा फोन आधी मला आला, मग पाळक साहेबांना. पाळक साहेब मला म्हणाले, रविवारी उपासनेनंतर तुमच्याकडे बसू, घरातली गोष्ट घरात मिटवू. मी हो म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं की काय, ते अजून मला ठरवता येत नाही.

ते चौघं आले. पाळक साहेब, मंडळीतले एक वडीलधारे पंच, जावई आणि त्याची आई. सलाम झाला, पाणी झालं. जावई येऊन तिच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसला. त्याला माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. चहा कोणी घेतला नाही. पाळक साहेबांनी प्रार्थना केली आणि शास्त्र उघडलं. पान आधीच खूण घालून ठेवलेलं होतं. कुठलं ते तुम्ही ओळखलं असेल. बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं हे जिथं लिहिलं आहे तेच. त्यांचा आवाज चांगला आहे, सावकाश वाचतात. पण त्या खोलीत मला तो ऐकवत नव्हता. विहीणबाई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या. माझी लेक फरशीकडे बघत होती.

मी उठले आणि आतून तुमचं शास्त्र घेऊन आले. जाड पुठ्ठ्याचं, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेलं. म्हणाले, "पाळक साहेब, याच्या आधीची ओळ वाचा. एकमेकांच्या अधीन राहा असं आहे तिथं. अन् याच्या पुढचं वाचा. नवऱ्यानं काय करावं ते." त्यांनी वाचलं. मग पंचांनी प्रेषितांच्या दुसऱ्या पत्रातलं वचन काढलं. मी त्याला उत्तर काढलं. त्यांनी नवऱ्याला धनी म्हणणाऱ्या सारेचं उदाहरण दिलं, मी त्याच घरातून हाकललेल्या दासीचं, हागारचं दिलं. बाबा, मला सगळं सापडत होतं. पानं आपोआप उघडत होती. पंच अडखळायला लागले, मी अडखळत नव्हते, आणि माझा आवाज चढत गेला.

तेव्हा मला पुलगावचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मिलचा सकाळचा भोंगा झालेला असायचा. तुमच्या हापिसाला अजून वेळ असायचा. तुम्ही पाटावर बसून आदल्या दिवशीचा पेपर बाजूला सारायचे आणि मला म्हणायचे, वाच. त्या वर्षी वर्ध्याला पाठांतराची स्पर्धा होती. मी हातवारे करून म्हणायला शिकले होते. पापी लोकांचं आलं की आवाज चढवायचा, बोट उगारायचं. आई स्टोव्हला पंप मारत होती. तुम्ही मध्येच म्हणालात, "थांब. कोणाले सांगून राह्यली हे?"

"कोणालेच नाई. वाचून राह्यले."

"नाई. तू समोरच्याले सांगून राह्यली. तुले काय सांगतलं, ते पाह्य आधी."

पुन्हा वाचायला लावलंत, हळू, हात मांडीवर ठेवून. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि अक्षरं दिसत नव्हती. आई म्हणाली, "सकाळी सकाळी काऊन रडवता पोरीले?" तुम्ही पुढची ओळ दाखवलीत. स्पर्धेलाही जाऊ दिलं नाहीत. कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की माझं एक बक्षीस तुम्ही हिरावून घेतलंत.

त्या रविवारी तेच बोट पुन्हा माझ्या हातात आलं होतं. मी बाजू खरीच घेत होते, लेकीचीच घेत होते, आणि तरी ज्या वेळी पंच गप्प झाले त्या वेळी मला आत कुठंतरी बरं वाटलं. लेकीकडे बघितलं तर ती तशीच फरशीकडे बघत होती. तिच्या डोक्यावरून आम्ही दोन्हीकडून वचनं फेकत होतो आणि तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी शास्त्र मिटलं.

ती संधी जावयानं घेतली. तो चांगल्या, खालच्या आवाजात बोलतो. म्हणाला, "माझं चुकलं. रागात होतो मी. मी देवापुढं पश्चात्ताप केला आणि त्यानं मला क्षमा केली. आता हिनंही करावी, एवढंच म्हणणं आहे."

माझी लेक त्याच्याकडे वळली. पूर्ण वळली, खुर्चीसकट, फरशीवर खुर्चीचा आवाज झाला. म्हणाली, "काय म्हटलं? मले आयकू नाई आलं. या कानानं येत नाई. इकडून येऊन म्हणा."

तो उठला नाही. तिनं वाट बघितली. आम्ही सगळ्यांनी बघितली. विहीणबाई म्हणाल्या, "नाटकं आहेत ही." पाळक साहेबांनी मात्र हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "या कानानं म्हणजे?" मी म्हणाले, "पडदा फाटला." "मला तर फक्त भांडण झाल्याचं सांगितलं." ते जावयाकडे बघत होते. जावई भिंतीकडे बघत होता.

पंच म्हणाले, "आता प्रार्थना करून उठू." पाळक साहेबांनी डोळे मिटले. आणि बाबा, तुमच्या मुलीनं आपल्या घरात प्रार्थना थांबवली. मी म्हणाले, "नाही. आत्ता प्रार्थना केली तर आमेन म्हणावं लागेल, अन् आमेन म्हटलं की आम्ही राजी झालो असं होईल. आम्ही राजी नाही. ती जाणार नाही." विहीणबाई उठल्या आणि दारात म्हणाल्या, "शास्त्र शिकलेल्या घरात हे बघायला मिळालं." ते गेले. कोणी सलाम केला नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. चर्चमध्ये वाचनाची माझी पाळी दुसरीला गेली, कारण कोणी सांगितलं नाही. माझ्या बाकावर जागा रिकामी राहायला लागली. लेक उपासनेला येईना, मी तिला आग्रह केला नाही. पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. सकाळी शास्त्र उघडलं की मला त्यात कोर्ट दिसायचं. ही ओळ आपल्या बाजूची, ही त्यांच्या बाजूची, ही पंचांनी काढली तर काय म्हणायचं. लहानपणापासून जिथं मी विसाव्याला जात होते तिथं आता मी हत्यारं शोधत फिरत होते. देव त्यात कुठं बोलत असेल तर माझ्याच आवाजात मला तो ऐकू येत नव्हता. मग मी उघडणंच सोडलं. रोज ते पुसायची मात्र.

एका संध्याकाळी स्कूटर थांबली. पाळक साहेब एकटेच होते, हातात पुस्तक नव्हतं. लेक बाहेर वाळलेले कपडे काढत होती. त्यांनी तिला विचारलं, "मी कोणत्या बाजूनं बसू?" तिनं दाखवलं, ते तिथं बसले. मग म्हणाले, "मी वाचायच्या आधी तुला विचारायला पाह्यजे होतं." ती म्हणाली, "हो, पाह्यजे होतं." त्यांनी ते ऐकून घेतलं. स्वतःची बाजू सांगितली नाही, ह्याचं मला बरं वाटलं. लेकीनं केस घातल्याचं त्यांना कळलं होतं; जाताना म्हणाले, कोर्टात बोलावणं आलं तर त्या दिवशी खोलीत काय झालं ते मी येऊन सांगेन. त्यांना ते सोपं जाणार नाही. जावयाचे नातलग नागपूरच्या मंडळीत वरच्या जागांवर आहेत.

आता ती इथल्याच एका लॅबमध्ये काम करते. पडद्याचं ऑपरेशन होणार आहे, थोडं ऐकू येईल असं डॉक्टर म्हणतात, सगळं येईलच असं म्हणत नाहीत. केस सुरू आहे. तारखेला जावई येतो आणि लांब उभा राहतो.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी डबा भरत होते आणि आतल्या खोलीतून तिचा वाचायचा आवाज आला. आता ती जरा मोठ्यानं वाचते, स्वतःचा आवाज नीट यावा म्हणून. मी हातातलं ठेवून दाराशी उभी राहिले. ते स्तोत्र होतं, ज्यात माणूस रडतो, ओरडतो, देवाला विचारतो की तू तोंड का लपवलंस, आणि ज्यात शेवटपर्यंत उजेड येतच नाही. तिनं ते अंधारातच संपवलं, पुढं काही जोडलं नाही.

आई गेली तेव्हाचं मला आठवलं. घर माणसांनी भरलं होतं, जो तो सांत्वनाचं वचन वाचत होता, आणि तुम्ही म्हणालात, "आता वाचू नका. नुसते बसा." लोकांना राग आला. पुढं कितीतरी दिवस तुम्ही पुस्तकाला हात लावला नाही. मग एका सकाळी हेच स्तोत्र काढलंत. मी घाबरले होते. म्हणाले, "बाबा, हे काऊन वाचता? चांगलं काही वाचा ना."

"हे पण त्यातच हाय," तुम्ही म्हणालात. "ज्यानं लिवलं त्याले देवाचा राग आलता. देवानं ते फाडून नाई टाकलं. ठेवलं."

मी हे लेकीला कधी सांगितलं नव्हतं. तिचं तिला सापडलं. त्या सकाळी मी दारातून तशीच मागे फिरले आणि डब्यात भाजीऐवजी नुसतंच लोणचं भरलं. ती संध्याकाळी हसली त्याच्यावर. किती दिवसांनी हसली.

माझं म्हणाल तर मी पुन्हा वाचायला लागले आहे, पण तुम्हाला हसू येईल. मी वंशावळी वाचते. याला तो झाला, त्याला तो झाला, अमक्याच्या घराण्यात हे हे. ती पानं आपण सगळेच ओलांडून पुढं जायचो. तिथं कोणी कोणाला काही सांगत नाही, कोणाची बाजू नाही, वाद घालायला जागा नाही. नुसती माणसं आहेत, चांगली, वाईट, काहींचं तर नावापलीकडे काहीच ठाऊक नाही, आणि कोणीतरी ती एकामागून एक लिहून ठेवली आहेत. मी बोट ठेवून प्रत्येक नाव उच्चारते. जमत नाही ते दोनदा म्हणते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. परवा पाळक साहेबांनी मला विचारलं, त्याच्यासाठी प्रार्थना करता ना? मी हो म्हणाले. करत नाही, बाबा. घरादाराची, शेजारपाजारची, गल्लीतल्या पोरांची सगळी नावं घेते, त्याच्या आईचंसुद्धा घेते एखादे दिवशी. त्याचं येतं तेव्हा आमेन म्हणून उठते.