सुभेदारांचं तणमार औषध

१२ मार्च १९४९
लालासाहेब सुभेदार आले! लष्करातून सुटले तरी चाल परेडचीच. आमचे बांधाशेजारी — त्यांचा ऊस, आमचा पानमळा. पुण्याहून नवं औषध आणलंय. पाण्यात कालवून फवारायचं. तण मरतं, ऊस मरत नाही म्हणे.

मामंजी म्हणाले, "त्या औषदाला कळतंय व्हय रं, तण कंचं आन ऊस कंचा?"

"रुंद पानाचं मरतंय, गवताच्या जातीचं ऱ्हातंय. ऊस म्हंजे गवातच की, अण्णाप्पा!"

उसाला गवत म्हटलं! मामंजी दिवसभर हसत होते. मला मात्र हसू येईना. नागवेलीचं पान केवढं रुंद!

१३ मार्च
मामंजींना तेच बोलून दाखवलं. उठले ते थेट बांधावर. दोघांचे आवाज घरापर्यंत!

"तुज्या येलावर कशाला मारू मी?"

"तू न्हाई मारणार गड्या. वारं मारंल! मळा गेला तर खायाचं काय आमी?"

ब्रह्मदेशात कुणाला न भ्यालेले सुभेदार (असं तेच सांगतात) वाऱ्यापुढं मात्र शरण!

१५ मार्च
तोड मीच काढली. आधी भोपळ्याच्या वेलाजवळ फवारून बघा — वेलावर नाही, वाऱ्याच्या बाजूनं लांब उभं राहून. भोपळा सुभेदारांचाच. म्हणजे त्यांच्या लीलाबाईंचा. त्यांना विचारायचं मात्र राहिलं!

१८ मार्च
भोपळ्याचे शेंडे पिळवटले. अगदी डुकराच्या शेपटीसारखे. लीलाबाई बांधावर उभ्या राहून सगळ्या शिवाराला ऐकवत होत्या — "बर्मात जपानी घावला न्हाई, म्हनून माजा भोपळा मारला!" हसून हसून माझं पोट दुखलं.

मग एकटीच मळ्यात गेले. वेल न् वेल हातात घेऊन पाहिला. सगळं घर याच पानांवर चालतं.

२० मार्च
सुभेदारांचा हुकूम सुटला. वारं पडलेलं असेल तेव्हाच फवारायचं. बांधालगतच्या सऱ्यांत फवारायचं नाही, तिथलं तण बायकांकडून खुरप्यानं भांगलून घ्यायचं.

"आन मधीच वारं सुटलं तर?" — मामंजी.

"पंप खाली!"

मामंजींनी स्वतः पान लावून दिलं. समेट!

२२ मार्च
फवारणी झाली. मामंजी काठीला चिंधी बांधून बांधावर बसले होते, वारा बघत. चिंधी हलली की ओरडायचे. एकदा ओरडले तेव्हा त्यांच्याच फुंकरीनं हलली होती!

२५ मार्च
बांधाकडच्या वेली ताज्या. दोघंही आपापल्या हुशारीवर खूष. तोड कुणी काढली होती? कुणाला आठवत नाही!

२७ मार्च
सकाळी दार उघडलं तर सुभेदार. खांद्यावर कावड, दोन्ही घागरी नदीच्या पाण्यानं भरलेल्या. थट्टा सुचली होती, पण त्यांचा चेहरा बघून मी एक घागर उतरवून घेतली.

"सूनबाई, हिरीचं पानी पिऊ नगा. तुमच्या हिरीकडचं येल भोपळ्यावानी पिळवटल्यात, आत्ताच बगून आलो. फवारलं त्या दिशी पंप तितंच, हिरीच्या काठावर धुतला मी."

मामंजींनी हातातला तांब्या खाली ठेवला. आम्ही जैन — पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाही. रोज गाळलं. रोज प्यालो.