मोन्सेरातेवर दुसऱ्यांदा

बोगोता,
मंगळवार, १४ ऑगस्ट

प्रिय एदेल्मिरा,

तू बरी असशील, गुडघा फार छळत नसेल आणि बारांकियात नेहमीसारखं उकडत असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. इथे भर ऑगस्टात इतकी थंडी आहे की मी फक्त आंघोळीपुरता स्वेटर काढते, आणि तेवढ्यासाठीही मन घट्ट करावं लागतं.

माझं अक्षर बघून दचकली असशील. दर नाताळला दोन ओळींचं कार्ड पाठवणारी बहीण मधेच एवढं लांबलचक पत्र कशी लिहायला लागली? कोणी गेलं-बिलं नाही. मी सहलीला आले आहे. मोंपोसच्या आपल्या चर्चमधल्या बायकांनी बस ठरवली, चार दिवस राजधानी दाखवणार, नाश्त्यासकट. म्हटलं, चौसष्टाव्या वर्षी पुन्हा नाही बघायची तर कधी? फोन केला असता, पण तू मधेच रडली असतीस आणि मी मधेच ठेवून दिला असता. आपलं ठरलेलंच आहे ते.

शहर मोठं आहे. मला त्यातलं काही कळत नाही. आपल्याला नदी कुठे आहे ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. इथे नदी कुठे म्हणून विचारलं तर लोक हसतात आणि डोंगराकडे बोट दाखवतात. "डोंगर उजव्या हाताला ठेवा आणि सरळ चालत राहा." ठेवला उजव्या हाताला. छत्र्या विकणाऱ्यांच्या गल्लीत पोचले. एक छत्री घेऊन परत आले. माणसं सभ्य आहेत, जरा जास्तच. कुत्र्यालाही अहो-जाहो करतात. काल एक बाई म्हणत होती, "अहो, चला ना, किती वेळ वास घेत बसणार?" मला वाटलं, नवऱ्याला बोलतेय.

गरम चॉकलेटात चीजचे तुकडे टाकून पितात. तोंड वाकडं करू नकोस, मला आवडलं.

आमच्या सहलीत सत्तावीस बायका आणि पाच पुरुष आहेत. त्यांतले एक एव्हेलिओ. तुला आठवतील, सान्ता बार्बरा चर्चच्या मागे चांदीच्या तारेचे दागिने करतात ते. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. ओळखीचे आहेत, एवढंच. बसमध्ये माझ्या शेजारी बसले, कारण दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्या जागा होत्या.

बघ, पहिल्याच पानावर खोटं लिहायला लागले. सेफेरिनाबाई म्हणतात की इथल्या उंचीने माणसाचं डोकं चालत नाही. सेफेरिनाबाई म्हणजे आमच्या सहलीच्या पुढारी, प्रत्येक गोष्टीवर औषध आणि मत दोन्ही जवळ ठेवतात. पण माझं डोकं उंचीमुळे बिघडलेलं नाही.

रविवारी आम्हाला सोन्याच्या संग्रहालयात नेलं. एव्हेलिओ खिशातलं भिंग काढून काचेला नाक लावून उभे. पहारेकरी म्हणाला, "साहेब, मागे व्हा."

"होतो. पण हा जोड कच्चा आहे, कोणीतरी सांगायला हवं."

"हजार वर्षं टिकलाय तो."

"अजून हजार टिकेल. पण आहे कच्चा." आणि त्याच आवाजात, तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "नूबिया, मला एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय. आपण लग्न करू या का?"

मी मागच्या काचेला टेकले. पहारेकरी म्हणाला, "बाई, काय ते उत्तर द्या, पण काचेला टेकू नका." शेवटी मी म्हणाले, परतीची बस सुटायच्या आत सांगते. बस उद्या सकाळी सातला आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. काल आम्ही मोन्सेरातेच्या डोंगरावर गेलो.

हे नाव वाचून तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस, एदे. याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

रोपवेने वर गेलो. एव्हेलिओंनी अख्खा वेळ डोळे मिटून माझा हात धरला होता. वर पोचून चर्चमध्ये डोकं टेकलं, कोकाच्या पानांचा चहा घेतला, आणि आमची गाईड मिरेया हसत हसत सगळ्यांना म्हणाली, "इथे जोडीने आलेल्यांचं लग्न होत नाही म्हणतात! आहे का हो कोणी तसं आपल्यात?"

सव्वीस बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या. एव्हेलिओंचा चेहरा उतरला. हा माणूस मंगळवारी नवा दागिना करायला घेत नाही, अशातला आहे.

"याच्यावर उतारा काय?" त्यांनी विचारलं.

"उतारा?" मिरेया गडबडली. "असं अजून कोणी विचारलं नव्हतं."

सेफेरिनाबाई पुढे झाल्या. "वर आलात ते आलात. खाली एकत्र उतरू नका. उतरताना जोडी दिसलीच नाही, तर डोंगर कोणाचं मोडणार?" हे त्यांनी तिथल्या तिथे बनवलं होतं, मी शपथेवर सांगते.

पण एव्हेलिओ टोपी नीट करून उभे. "नूबिया, तुम्ही रोपवेने जा. मी पायऱ्यांनी येतो."

"वय बघा तुमचं!"

"वय बघूनच घाई करतोय."

आणि गेले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, चर्चला घालायचे बूट, आणि दीड हजार पायऱ्या.

मी खाली येऊन बाकावर बसले. बाकीचे जेवायला गेले. एक तास झाला, दीड झाला. वाटायचं, येऊ दे रे देवा, सुखरूप येऊ दे. लगेच वाटायचं, आले की मला उत्तर द्यावं लागेल. मग वाटायचं, द्यायची गरजच नाही, डोंगराने दिलंय. आणि तिथेच मला माझी इतकी लाज वाटली की उठून उभी राहिले.

कारण मला ते माहीत होतं. मिरेयाने सांगायच्या आधी, खाली तिकिटाच्या रांगेत उभी असतानाही माहीत होतं. मी गप्प बसले आणि त्यांना वर घेऊन गेले. नको म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायचीही नव्हती. म्हटलं, डोंगर बघून घेईल.

पहिल्या वेळीही मला माहीत होतं, एदे.

सत्त्याहत्तर साली अन्सेल्मो इथे बँकेत शिकायला होता आणि मी लिओनोर मावशीकडे राहायला आले होते. पुढचं सगळ्या मोंपोसला पाठ आहे. बिचारी नूबिया, तिला काय ठाऊक, होणाऱ्या नवऱ्याबरोबर मोन्सेरातेवर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. आई मरेपर्यंत हेच सांगत होती. मीही सांगत होते. पण आदल्या संध्याकाळी सुपासाठी बटाटे चिरता चिरता मावशी मला म्हणाली होती, "उद्या हवं तिथे फिरा, पण मोन्सेरातेवर दोघं जाऊ नका." सकाळी अन्सेल्मोला सिनेमाला जायचं होतं. मीच म्हटलं, मोन्सेरातेवर जाऊ.

तो वाईट नव्हता. तुला मी काय सांगणार? मला नको होता, एवढंच. नको म्हणायला कारण सापडेना, झगा शिवून झाला होता, बाबांनी जेवणासाठी डुक्कर बोलून ठेवलं होतं. मग डोंगर मिळाला. त्यानंतर तीन महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. शेवटी त्यानेच विचारलं, "तुला मी नको आहे का?" मी म्हटलं, "डोंगराला विचार."

दोन वर्षांनी तो तुझ्या दारात आला. मी टाकून दिलेला माणूस तू घेतलास आणि मी लुटली गेल्यासारखी वागले. लग्नाच्या दिवशी तू मला मिठी मारून "मला माफ कर" म्हणालीस. मी काही बोलले नाही. एकोणचाळीस वर्षं बोलले नाही. लोक माझी कीव करत होते आणि मला ती बरी वाटत होती. मागच्या वर्षी तो गेला तेव्हाही आले नाही. लोक म्हणाले, अजून जखम ओली आहे. जखम कधी नव्हतीच. तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं.

एव्हेलिओ अडीच तासांनी आले. एका संत्री विकणाऱ्या बाईने दंडाला धरून आणलं. बुटाचा तळ सुटून फटफट वाजत होता. बाकावर बसले आणि म्हणाले, "आलो. सुटलो का आता?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मावशीचंही, तुझंही. ते बूट काढून तळपाय चोळत ऐकत होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी मला वर नेलंत."

"हो."

त्यांनी बूट परत पायात चढवले. मग म्हणाले, "नूबिया, मला नाही म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हणा. मला मध्ये डोंगर नको."

त्यानंतर बोललेले नाहीत. आत्ता नाश्त्याला पलीकडच्या टेबलावर बसलेत, पायात सेफेरिनाबाईंच्या लोकरी चपला घालून. पण वेटरच्या हातून आपल्या वाटणीचं चीज माझ्या चॉकलेटासाठी पाठवलंय. ते कपात विरघळतंय आणि मी तुला लिहितेय.

मला काय हवंय हे मला कधीच नीट कळलं नाही, एदे. काल बाकावर मात्र एक कळलं. ती पायऱ्यांची वाट रिकामी दिसत होती तेव्हा मला भूक नव्हती, थंडी कळत नव्हती, आणि टोपी दिसली तेव्हा मी मोठ्याने रडले. अन्सेल्मोसाठी मी कधी रडले नाही. याला काय म्हणतात ते तुला माहीत असेल. तू संसार केलास.

आता उठून त्यांच्या टेबलाशी जाते. हो म्हणणार आहे. आज मंगळवार आहे, ते दचकतील. दचकू देत. पुढे काही बिघडलं तर मी वाराला बोल लावणार नाही, डोंगरालाही नाही. लग्नाला तू येशील का, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारते. आणि आलीस तर त्या दिवशी मिठी मी मारीन, आणि ते तीन शब्द या वेळी मी म्हणेन.

जिच्याकडून तू कधीच काही हिरावून घेतलं नाहीस, ती तुझी मोठी बहीण,
नूबिया